ताप उतरल्यानंतरचं हृदय

अहिल्यानगर जिल्ह्यात ज्या घरातलं कोणी २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजन बेडवर होतं, त्या घरात एक पिशवी बहुधा अजून सापडते. तिच्यात एचआरसीटीची फिल्म असते, रक्ताचे कागद असतात, डी-डायमरचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड असतं. तेव्हा गावोगाव पहिला प्रश्न एकच असायचा, "स्कोअर किती?" पंचवीसपैकी आठ म्हटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा, अठरा म्हटलं की बेडसाठी फोनाफोनी सुरू व्हायची. हा स्कोअर फुफ्फुसाचा होता. हृदयाचा विचार करायला तेव्हा ना डॉक्टरांना उसंत होती, ना नातेवाइकांना.

तो विचार नंतर सुरू झाला. चाळिशीतला माणूस शेतात कोसळला, वरातीत नाचता नाचता एखादा तरुण खाली बसला तो उठलाच नाही, अशा बातम्या मोबाइलवर फिरू लागल्या आणि प्रत्येक बातमीखाली तेच दोन प्रश्न आले. "कोरोना होऊन गेला होता का?" आणि "लस घेतली होती का?" भीती खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर मिळायला हवं. कोरोना किंवा फ्लूसारख्या श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गानंतर हृदयाचं पुढे काय होतं, यावर गेल्या काही वर्षांत जगभर मोठे अभ्यास झाले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

या जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा नाही. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. इथे साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या संसर्गाची सरकारदरबारी नोंद झाली. पारनेर तालुक्यातल्या भाळवणीत तेव्हाचे आमदार निलेश लंके यांच्या पुढाकारानं अकराशे खाटांचं कोविड सेंटर उभं राहिलं. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारनं घरोघर तपासणी आणि विलगीकरण करून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केलं. राज्यात इतरत्र लाट ओसरली तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये जिल्ह्यातल्या ६१ गावांत पुन्हा लॉकडाऊन लावावा लागला होता. इतक्या मोठ्या संख्येनं लोक या आजारातून उठले आहेत. त्यांच्या पुढच्या वर्षांचा हा प्रश्न आहे.

साथ आणि हृदय यांचं नातं जुनं आहे

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला होता. दुष्काळ आणि ताप एकत्र आले आणि नगरसारखे जिल्हे होरपळले. १९२१ च्या जनगणनेत देशाचीच लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. ती साथ आपल्याकडे लक्षात राहिली ती न्यूमोनियामुळे. पण अमेरिकेतल्या सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ मध्ये एक वेगळी बाब नोंदवली. फ्लूच्या साथीच्या काळात मृत्यू मोजताना ज्यांच्या दाखल्यावर 'फ्लू' असं लिहिलेलंच नाही, असे हृदयरोगाचे मृत्यूही नेहमीपेक्षा वाढलेले दिसतात.

हे निरीक्षण पुढे पक्कं होत गेलं. ब्रिटनमधल्या २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे पाचपट आढळला. पुढच्या आठवड्यांत तो हळूहळू उतरत गेला. त्याच अभ्यासात फ्लू, धनुर्वात आणि न्यूमोकॉकस यांच्या लसींनंतर मात्र असा धोका वाढलेला दिसला नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेलेच रुग्ण घेतले. त्यांच्यात पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट निघालं. म्हणजे कोरोना येण्याआधीच वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं की 'साधा ताप-खोकला' ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच खराब आहेत त्याला महागात पडू शकतो.

आत नेमकं काय घडतं

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. कालव्याचं अस्तर शाबूत असेल तोवर पाणी सरळ वाहतं, ते उखडलं की गाळ धरतो, तसंच काहीसं इथे होतं. संसर्गाशी लढताना शरीरात जो दाह उसळतो, त्यानं हे अस्तर दुखावतं. रक्त गुठळ्या धरायला लागतं. धमनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो आणि त्यावर गुठळी बसली की वाहिनी बंद. त्यात तापानं ठोके वाढलेले असतात, म्हणजे हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा असतो; आणि नेमका त्याच वेळी फुफ्फुसातून ऑक्सिजन कमी मिळत असतो.

कोरोनाच्या विषाणूनं यात भर घातली. तो पेशीत शिरण्यासाठी जो एसीई-२ नावाचा दरवाजा वापरतो, तो हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींवरही असतो. कोरोनानं दगावलेल्या काही रुग्णांच्या हृदयधमन्यांतल्या चरबीच्या थरांमध्ये विषाणूचे जनुकीय अंश सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. शिवाय उपचारांत जीव वाचवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनं अनेकांची शुगर चढली, कित्येकांचा मधुमेह तेव्हाच पहिल्यांदा उघड झाला. मधुमेह हा हृदयाचा जुना वैरी.

क्वचित विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. तिचं प्रमाण कमी आहे, पण ती झाली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पंपिंग कमी होऊ शकतं.

पहिला आठवडा, पहिलं वर्ष आणि त्यानंतर

धोका सर्वांत मोठा असतो तो संसर्गाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४.८ कोटी लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की कोरोनाचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या घटनांचा धोका वीसपटीहून अधिक होता. सहा महिन्यांनंतर तो सुमारे १.३ पटीवर आला. घसरण मोठी आहे, पण तो पूर्वपदावर आलेला नाही, हेही त्यात आहे.

वर्षभराचा हिशेब सर्वांत तपशिलानं मांडला तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासानं. झियाद अल-अली आणि सहकाऱ्यांचं हे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कोरोना झालेल्या १,५३,७६० जणांची तुलना कोरोना न झालेल्या लाखो लोकांशी केली गेली. संसर्गानंतरच्या वर्षात दर हजार माणसांमागे सुमारे ४५ जणांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा एखादा आजार जास्तीचा झाला. त्यांपैकी हार्ट फेल्युअरचे जादा रुग्ण १२ च्या आसपास, ठोके अनियमित होण्याच्या एट्रियल फिब्रिलेशनचे ११ च्या आसपास. आयसीयूत राहिलेल्यांत धोका सर्वांत जास्त, वॉर्डात राहिलेल्यांत त्याहून कमी, घरीच बरे झालेल्यांत आणखी कमी, पण शून्य नाही. या अभ्यासातले बहुतेक लोक वयस्क, गोरे पुरुष होते, त्यामुळे त्याचा आकडा जसाच्या तसा शेवगावच्या तिशीतल्या बाईला लावता येत नाही. धोक्याची दिशा मात्र इतर देशांतल्या अभ्यासांतही तीच दिसली.

वर्षानंतरचं काय, याचं उत्तर २०२४ मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकेतून आलं. लस येण्याआधी, २०२० मध्ये संसर्ग झालेल्या सुमारे दहा हजार जणांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू यांचा एकत्रित धोका जवळपास तीन वर्षांपर्यंत दुप्पट राहिला. ज्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं होतं त्यांच्यात तो चौपटीच्या आसपास होता. अशा अभ्यासांची एक मर्यादा कायम असते. ज्यांना दाखल करावं लागलं ते आधीच अधिक आजारी होते, आणि हा फरक आकडेमोडीनं पूर्ण पुसता येत नाही. तरी व्यवहारात निष्कर्ष बदलत नाही: कोरोनासाठी ऑक्सिजन बेडवर राहिलेला माणूस हा पुढची काही वर्षं हृदयाच्या दृष्टीनं जोखमीचा माणूस आहे, मग तो आज कितीही ठणठणीत वाटो.

जी भीती नंतर निवळली

या विषयात घाईनं निष्कर्ष काढल्यानं काय होतं, तेही नोंदवलं पाहिजे. जुलै २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून एक शोधनिबंध आला. कोरोनातून बरे झालेल्या शंभर जणांच्या हृदयाचा एमआरआय काढला, तर ७८ जणांत काही ना काही बिघाड दिसला. जगभर खळबळ उडाली. तज्ज्ञांनी त्यातल्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले आणि निबंधात दुरुस्त्या कराव्या लागल्या. पुढे लंडनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. सौम्य कोरोना झालेले आणि अजिबात न झालेले असे दोन गट सहा महिन्यांनी तपासले, तर दोघांच्या हृदयात फरक आढळला नाही.

घरी राहून चार दिवसांत बऱ्या झालेल्या तरुण, निरोगी माणसानं केवळ भीतीपोटी महागड्या तपासण्यांच्या मागे लागायचं कारण नाही, असा याचा अर्थ.

धडधड: त्रास खरा, बहुधा जिवावरचा नाही

मग एक मोठा गट उरतो. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण जिना चढलं की छातीत धडधडतं", "उभं राहिलं की गरगरतं", "पहिल्यासारखा दम राहिला नाही" असं सांगणारे. यात बायकांचं प्रमाण लक्षणीय असतं आणि "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर त्यांची बोळवण होते. हा त्रास मनाचा खेळ नव्हे. संसर्गानंतर ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेची घडी विस्कटू शकते. ते ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. पाच मिनिटं शांत पडून नाडी मोजायची, मग आधाराला माणूस ठेवून दहा मिनिटं उभं राहायचं आणि पुन्हा पुन्हा मोजायची. ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच टिकले, तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायचे. अशक्तपणा, रक्ताची कमतरता, थायरॉइड यांनीही धडधड होते, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं आलंच. पाणी भरपूर पिणं, आधी पडून किंवा बसून करायचे व्यायाम आणि मग हळूहळू उभ्यानं, काहींना औषधं, यानं बहुतेकांना महिन्यांनी का होईना, उतार पडतो. मीठ वाढवण्याचा सल्ला काहींना दिला जातो, पण बीपी असलेल्यानं तो स्वतःहून अमलात आणू नये.

अचानक मृत्यू आणि लशीचा प्रश्न

सर्वांत जास्त अफवा इथे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनं याचाच अभ्यास केला आणि तो नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक दगावलेले १८ ते ४५ वयाचे, वरकरणी निरोगी असलेले ७२९ जण घेतले. प्रत्येकामागे त्याच वयाचे, त्याच परिसरातले चार जिवंत लोक तुलनेला घेतले, एकूण २,९१६. निष्कर्ष असा की लशीनं अचानक मृत्यूचा धोका वाढलेला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट निम्म्याच्या आसपास होता. धोका वाढलेला दिसला तो चार-पाच बाबींशी: कोरोनासाठी हॉस्पिटलात दाखल झालेलं असणं (सुमारे चौपट), घराण्यात असा अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत अतोनात दारू पिणं (सुमारे पाचपट), नशेचे पदार्थ घेणं आणि त्याच ४८ तासांत अंगाबाहेरचे कष्ट किंवा व्यायाम करणं.

लशींचे दुर्मीळ दुष्परिणाम आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. मायोकार्डायटिसचा धोका मुख्यतः एमआरएनए लशींशी जोडला गेला, आणि त्या लशी आपल्या गावांत दिल्याच गेल्या नाहीत. आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन होत्या. कोविशील्डच्या जातीच्या लशीनंतर अतिशय क्वचित गुठळ्यांचा विकार होतो, तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत. तीन-चार वर्षांनी आलेल्या हार्ट अटॅकचं खापर त्यावर फोडता येत नाही. दक्षिण कोरियातल्या अभ्यासात तर पूर्ण लसीकरणानंतर कोरोना झालेल्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा निम्म्याहून कमी निघालं.

लशीवर संशय घेण्यात नुकसान असं आहे की खरी कारणं नजरेआड होतात. बीपी, शुगर, तंबाखू, दारू आणि न तपासलेला कौटुंबिक इतिहास ही कारणं आपल्या घरात बसलेली आहेत. भारतीयांना पहिला हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, हे कोरोनाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

विश्रांतीचा सल्ला कोणाला परवडतो?

मायोकार्डायटिस झालेल्या माणसानं तीन ते सहा महिने जड कष्ट टाळावेत, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. न्यूमोनियातून उठलेल्यानंही टप्प्याटप्प्यानं कामाला लागावं. धावपटूसाठी हा सल्ला सोपा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कामगारासाठी काय?

सप्टेंबर २०२० मध्ये पहिली लाट शिगेला होती आणि पाठोपाठ गाळप हंगाम उभा राहिला. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे टोळीबरोबर जाणं भाग. पहाटे अंधारात कोयता हाती घ्यायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तेही दिवसातून कितीतरी वेळा. हृदयासाठी स्ट्रेस टेस्टपेक्षा अवघड असं हे काम. एक दिवस बसलं तर खाडा लागतो आणि तो उचलीतून वळता होतो. अशा माणसाला "धाप लागली की थांबा" हे सांगणं पुरेसं नाही. ज्याला गंभीर संसर्ग होऊन गेला आहे त्याची टोळी निघण्यापूर्वी तपासणी, आणि डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं तर खाडा माफ, एवढी व्यवस्था कारखान्यांनी केली पाहिजे. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा करून ज्या जिल्ह्यानं देशाला वाट दाखवली, त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

आपण काय करायचं

कोरोना, स्वाइन फ्लू किंवा न्यूमोनियासाठी कधीही दाखल झालेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी पाहून घ्यावा. धाप, पायावर सूज, रात्री उशी उंच घ्यावी लागणं, ठोके चुकणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं यांतलं काही असेल, तर टू-डी इकोही. डॉक्टरांकडे जाताना जुनी फाइल न्यावी. त्यातलं डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांना तुमच्या तोंडी हकिकतीपेक्षा अधिक सांगतं. बीपी-शुगरची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नये. 'रक्त पातळ करण्याची' गोळी कोरोनाच्या वेळी काही आठवड्यांसाठी दिलेली असते. ती कोणाच्या सांगण्यावरून आजपर्यंत चालू असेल, तर गरज आहे का हे विचारून घ्यावं, कारण तिच्यामुळे पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तंबाखू-चुना आणि मिश्री सोडणं हा यातला सर्वांत स्वस्त उपचार आहे.

ज्यांना आधीच हृदयरोग आहे त्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांवर झालेल्या एका चाचणीत, ज्यात बांगलादेशचेही रुग्ण होते, २,५७१ जणांना फ्लूची लस किंवा नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं गेलं. वर्षभरात लस घेतलेल्यांत २.९ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. इतक्या साध्या उपायाचा इतका परिणाम औषधशास्त्रात फार वेळा दिसत नाही, तरी आपल्याकडे हार्टच्या पेशंटला ही लस क्वचितच सुचवली जाते.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, एकाएकी धाप, यांना पित्त समजून सोडा पिऊन झोपू नये. बायकांत आणि शुगरच्या पेशंटमध्ये छातीत न दुखताही अटॅक येतो. १०८ ला फोन करावा आणि जिथे लवकरात लवकर ईसीजी निघेल तिथे पोहोचावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं काम करतं. पुढच्या अँजिओप्लास्टी-बायपाससाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया होतात, हे घरात आधीच माहीत असावं.

यादी पुन्हा उघडायला हवी

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार गेल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजला, कोणाला बीपी आहे, कोणाला शुगर, हे लिहून घेतलं. इतकी दगदग करून केलेलं ते काम मोहीम संपताच थांबलं. आज आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि घरातला आजार विचारला जातो. त्यात आणखी दोन प्रश्न वाढवावेत: श्वसनाच्या आजारासाठी कधी दाखल झाला होता का, आणि ऑक्सिजन लागला होता का? 'हो' म्हणणाऱ्याचा वर्षातून एकदा उपकेंद्रात बीपी-शुगर आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी. याला नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

हे या जिल्ह्याला जमणारं आहे, कारण ते इथेच आधी घडलं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, फारशी शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्या कामाची दखल जगानं घेतली. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रोग्याला बरं करून घरी पाठवलं की काम संपत नाही, त्याच्या उंबऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं, हेच जामखेडनं करून दाखवलं. साथीत ज्यांना आपण शर्थीनं वाचवलं, त्यांच्या बाबतीत हे दुसरं काम अजून व्हायचं आहे. पुढचा अटॅक येईपर्यंत थांबायचं, की त्याआधी त्यांच्या दाराशी जायचं, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं आणि ग्रामसभांनी या वर्षीच ठरवावं.